नऊ पानांची जाड फाईल

माझ्या हाताखालून हजारो फायली गेल्या आणि त्यांतली एकही मी सबंध वाचली नाही. वाचणं हे आमचं कामच नव्हतं. फाईल कुठे ठेवली आहे, किती पानांची आहे, किती वर्षं ठेवायची आहे आणि ती किती जागा खाते, एवढं सांगता आलं की झालं. आत काय लिहिलंय याची काळजी वकिलांनी करावी. लग्नकार्यात कोणी म्हणालं, तुमच्याकडे तर मोठमोठी गुपितं असतील, तर मी सांगायचो, असतील, पण मला फक्त त्यांची जाडी ठाऊक. लोक हसायचे. आता तो विनोद कोणी काढला तर मी तिथून उठतो.

मी मूळचा अमरावतीचा. वडील लवकर गेले. घरी आई आणि दोन धाकट्या बहिणी. मॅट्रिक होऊन वर्षभर रिकामा फिरलो आणि मग अकोल्याला एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून म्हणून चिकटलो. कचेरी कोणती ते लिहीत नाही. जे झालं ते माझ्या हातून झालं, आणि त्या इमारतीत माझ्याहून बरी माणसं होती. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. वऱ्हाड प्रांत मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, थोड्याच वर्षांत महाराष्ट्रात जाणार होता. दर वेळी राज्य बदललं की माणसं जागच्या जागी राहायची आणि कागदांचे ट्रक मात्र या गावाहून त्या गावी हिंडायचे.

रेकॉर्ड रूम म्हणजे टिनाच्या छपराचं एक लांबलचक दालन. गजांच्या खिडक्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी रॅक, आणि रॅकवर कापडात बांधलेले फायलींचे गठ्ठे. त्यांना आम्ही बस्ते म्हणायचो. प्रत्येक फाईलच्या पुठ्ठ्यावर कोपऱ्यात एक अक्षर असे. अ म्हणजे कायमची, हात लावायचा नाही. ब म्हणजे बरीच वर्षं ठेवायची. क म्हणजे दोन-तीन वर्षांनी फाडून टाकायची. अक्षराखाली पानांची संख्या आणि फाईल जमा झाल्याची तारीख. आम्हाला हुकूम यायचा तो चिठ्ठीवर, एका ओळीत: तालुका, गाव, साल, नंबर. त्या ओळीतला एक आकडा चुकला की चिठ्ठी परत. तोंडी मागून साहेबालाही काही मिळत नसे.

आमचे मुख्य रेकॉर्डकीपर म्हणजे चाचा. सगळी कचेरी त्यांना चाचाच म्हणायची. बाळापूरकडचे, मराठी आणि उर्दू एकाच वाक्यात बोलणारे, फाईलला मिसल म्हणणारे, पानाने ओठ लाल झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात एक फाईल दिली.

"काय दिसून राहिलं?"

मी पुठ्ठा वाचून दाखवला. क वर्ग, चौदा पानं, अमुक तारीख.

"वाचाले कोनबी वाचते," चाचा म्हणाले. "हातात धर. चौदा पानं इतकी जड रायतात का?"

त्यांनी दोरी सोडली. आत आणखी एक फाईल होती, चांगली पन्नास-साठ पानांची, अ वर्गाची.

हे कसं व्हायचं ते सांगतो. तालुक्याचे कारकून एखाद्या चौकशीसाठी आमच्याकडून जुनी फाईल मागवत. चौकशी संपली की जुनी आणि नवी अशा दोन फायली परत यायच्या, म्हणजे दोन चिठ्ठ्या, दोन नोंदी, दोन सह्या. तो ताप वाचवायला ते जुनी फाईल नव्या फाईलमध्ये सारून एकच दोरी बांधत. 'पोटात घालून परत' असं म्हणायचे त्याला, आणि ते इतकं सर्रास चालायचं की कोणाला त्यात गैर वाटत नसे. बाहेरचा पुठ्ठा नव्या फाईलचा, पानांचा आकडाही तिचाच. आतली फाईल आमच्या नोंदीत अजून तालुक्याला गेलेली, प्रत्यक्षात आमच्याच रॅकवर, आणि कोणाच्या खिजगणतीत नाही.

"पुठ्ठ्यावर लिहिणारा माणूस असते, बाबू," चाचा म्हणाले. "त्याले घाई असते, चहाले जायचं असते. तू वजन पाह्यजो. वजन आन आकडा जुळला नाही, तर दोरी सोडजो."

चाचा रोज एक-दोन बस्ते उतरवत, एकेक फाईल हातावर तोलत आणि संशय आला की सोडून पाहत. वीस वर्षं ते हेच करत होते. मला ते सगळं म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटायचं.

ते निवृत्त झाले आणि रेकॉर्ड रूम माझ्यावर आणि दोन शिपायांवर आली. त्याच सुमाराला पुण्याकडचे एक नवे साहेब बदलून आले. टापटिपीचे, आवाज न चढवणारे. राज्य बदलल्यामुळे नव्या फायलींचे ढीग व्हरांड्यात पडले होते. कुत्री त्यांवर झोपायची. साहेबांनी मला बोलावलं आणि सांगितलं, तीन आठवड्यांत जागा करा. पण आधी मला कळू द्या की कोणत्या तालुक्याची कोणत्या वर्गाची फाईल किती जागा अडवून बसली आहे.

ते काम मला मनापासून आवडलं, हे कबूल करतो. शिंप्याची टेप आणली. शिडी लावून एकेक रॅक मोजला. एका वहीत डाव्या बाजूला बस्त्याचा नंबर, त्यातल्या फायलींच्या पुठ्ठ्यांवरच्या पानांची बेरीज, उजव्या बाजूला टेपने मोजलेली खरी जाडी. किती पानांची किती जाडी होते याचा अंदाज मी बसवला होता. त्यामुळे पुठ्ठ्यांच्या म्हणण्याप्रमाणे किती जागा लागायला हवी आणि प्रत्यक्षात किती लागते, हे दोन्ही मला सांगता येत होतं. असं काम तिथे कोणी केलं नव्हतं. मी हवेत होतो.

सगळे तालुके थोड्याफार फरकाने जुळले. एक तालुका जुळेना. त्याच्या क वर्गाच्या फायलींनी आकड्यांप्रमाणे अकरा फूट जागा घ्यायला हवी होती. टेप पंधरा फूट दाखवत होती. मी पुन्हा मोजलं. पंधरा. चार फूट कागद असा होता, जो पुठ्ठ्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिथे नव्हताच.

मला कारण माहीत होतं. तिथेच, शिडीवर उभ्या उभ्या कळलं होतं. त्या तालुक्याचा कोणी कारकून वर्षानुवर्षं पोटात घालून परत करत आला होता, आणि निवृत्त होईपर्यंत चाचांचा हात त्या रॅकपर्यंत पोचला नव्हता. चार फूट म्हणजे थोड्याथोडक्या फायली नव्हेत. प्रत्येक दोरी सोडून पाहायची तर दोन महिने लागले असते. माझ्याकडे तीन आठवडे होते, आणि नोकरीत कायम होण्याचा माझा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता.

मी अहवालात लिहिलं: जुन्या कागदास दमट हवेने आलेला फुगवटा.

अकोल्याला. मे महिन्यात. जिथे धुतलेलं धोतर दोरीवर टाकून मागे वळावं तर ते वाळलेलं असतं, तिथे मी चार फूट कागद दमट हवेने फुगवला. साहेब पुण्याकडचे. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हो, होतं असं."

मग छाटणी सुरू झाली. मुदत संपलेल्या क वर्गाच्या फायली. एक शिपाई बस्ता सोडून पुठ्ठे वाचायचा, मी रजिस्टरमध्ये 'नष्ट' लिहून सही करायचो, दुसरा शिपाई फाईल उभी फाडून ढिगावर टाकायचा. फाडल्याशिवाय रद्दीत द्यायची नाही असा नियम होता. काही फायली त्याला एका दमात फाटत नसत. तो दोन्ही पाय रोवून, दात-ओठ खाऊन जोर लावायचा, आणि पहिला शिपाई त्याला चिडवायचा, "काहून बे, जेवला नाही का?" मी ऐकत होतो. एखादी फाईल फाटत का नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही असं म्हणणं खोटं होईल. पडला, आणि मी रजिस्टरचं पान उलटलं.

सोळा दिवसांत व्हरांडा मोकळा झाला. साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर माझं कौतुक केलं. महिन्याभरात मी कायम झालो. आईने अमरावतीला अंबादेवीला नारळ फोडला.

पुढच्या वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत, ती बाई आली.

चाळिशीची असेल. पांढरं लुगडं, हाताला वेचणीचे ओरखडे, हातात वकिलाच्या मुनशीने लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी अगदी नेमकी होती: तालुका, गाव, साल, नंबर. तालुका तोच, चार फुटांचा.

"आमच्या वस्तीचा कागद हाय, सायेब," ती म्हणाली. "घराच्या जागेचा. त्याची नक्कल पाह्यजे."

चिठ्ठी दिली की माणसं जातात. ती गेली नाही, दारात बसून सांगत राहिली. गावाबाहेर ई-क्लासची जमीन, म्हणजे गुरं चरायची सरकारी जमीन होती. त्यातला एक तुकडा तिच्या सासऱ्याच्या काळी सरकारने वीस-बावीस घरांना राहायला दिला होता. तसा लेखी हुकूम होता. वस्तीतली प्रत एका पेटीत ठेवलेली, ती पेटी नदीच्या पुरात गेली. छप्पन साली वस्तीने धम्मदीक्षा घेतली आणि मेलेली गुरं ओढायचं, गावाची वेठ करायचं काम एका दिवसात बंद केलं. गावाने मग त्यांची विहीर बंद केली, दुकान बंद केलं, शेतावरची मजुरी बंद केली. तेवढ्याने ते हलले नाहीत, तेव्हा गावातल्या मोठ्या लोकांनी अर्ज केला, की हे लोक चराईच्या जमिनीवर घुसून बसले आहेत, यांना उठवा.

"वकीलसायेब म्हनते, जुन्या हुकमाची नक्कल आना, मंग तुमाले कोनी हात लावू शकत नाही. कागद निघाला त वस्ती ऱ्हायते."

मी तिला आठ दिवसांनी यायला सांगितलं.

त्याच दुपारी मी नोंदवही काढली. नोंद होती. गावाचं नाव, वस्तीचं नाव, घराच्या जागा दिल्याचा हुकूम, अ वर्ग, एकतीस पानं. रॅकवर गेलो. फाईलच्या जागी एक पिवळी चिठ्ठी होती: पाण्याच्या तक्रारीच्या चौकशीसाठी तालुक्याला दिली, तक्रारीचा नंबर अमुक. त्या तक्रारीची फाईल शोधली. ती चौकशी संपून परत आली होती. क वर्ग, नऊ पानं. आणि पुढे रजिस्टरमध्ये 'नष्ट', मे महिन्याची तारीख, माझी सही.

मग मी माझी मोजमापाची वही काढली. तो बस्ता सापडला. जाडीच्या रकान्यात आकड्यांपेक्षा बोटभर जास्त होतं, माझ्याच अक्षरात.

मी खुर्चीवर बसलो. खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्या बाईची दया आली नाही. भीती वाटली, माझ्यासाठी. अ वर्गाची फाईल फाडणं म्हणजे नोकरी जाणं. आणि ती फाईल माझ्या टेबलावरून गेल्याचं मला काही केल्या आठवेना. इतक्या लोकांची घरं माझ्या समोरून फाटत गेली आणि मला त्यातलं काही आठवत नाही.

संध्याकाळी चाचांकडे गेलो. ते ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी सगळं सांगितलं, फुगवट्यासकट. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"दोरी नाही सोडली?"

"नाही."

कातरलेली सुपारी त्यांनी डबीत भरली. मग म्हणाले, "जसं झालं तसं लिहून दे. नोंदवहीत मिसल हाय, अ हाय, एकतीस पानं हाय, कोनत्या मिसलीच्या पोटात गेली ते हाय. ती आमच्या हातून चुकून फाडल्या गेली, असं कचेरीनं लिहून दिलं ना बाबू, त तोच त्या बाईसाठी कागद झाला. अदालत मानते तसं."

"आणि माझी नोकरी?"

"जाईन. नाही त नाही जाईन." त्यांनी पुन्हा अडकित्ता उचलला. "मले काहून विचारून राहिला? मी त दोरी सोडत होतो."

मी चिडून उठलो. म्हाताऱ्याला काय जातंय बोलायला, असं वाटत घरी आलो. घरी आईचं पत्र येऊन पडलं होतं. मोठ्या बहिणीची सोयरीक जमत होती आणि मुलाकडच्यांनी विचारलं होतं, भाऊ कायम झाला आहे ना?

बाई आठ दिवसांनी आली. मी म्हणालो, शोध चालू आहे. ती आणखी पंधरा दिवसांनी आली, मग पुन्हा. प्रत्येक वेळी पहाटे गावाहून पायी निघून, सडकेला येऊन, मिळेल त्या गाडीने यायची आणि दारापाशी बसून राहायची. कामाचा दिवस बुडवून. फडक्यात भाकरी असायची. एकदा तिने पाणी मागितलं. तिच्याजवळ स्वतःचा पेला होता, तरी शिपायाने वरून, हातभर उंचीवरून पाणी ओतलं. अर्धं तिच्या लुगड्यावर सांडलं. मी पाहिलं आणि कागदात तोंड घातलं.

तिच्यासमोर मी फाईल शोधायचो. शिडी लावायचो, वरचे बस्ते काढायचो, सोडून पाहायचो, धूळ झटकायचो, पुन्हा बांधायचो. जी फाईल नाही हे मला ठाऊक होतं, ती. बाहेरून गजांतून ती बघत असायची आणि माझं ते शोधणं बघून तिला धीर यायचा. एकदा तर म्हणाली, "सायेब, जेवून घ्या अगुदर. कागद कोठी पळून जाते?"

मग प्रकरण जिथे चाललं होतं तिथून कचेरीला पत्र आलं. सुनावणी जवळ आली होती. सदर हुकमाची फाईल असल्यास नक्कल पाठवा, नसल्यास तसं कळवा. उत्तराचा मसुदा मीच करायचा होता.

मी दोन मसुदे केले. पहिल्यात सगळं होतं. तो मी दिवसभर खिशात ठेवून हिंडलो. साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेलो. दुसरा मसुदा एका ओळीचा होता: मागणी केलेली फाईल या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.

शब्दन् शब्द खरा. फाईल आढळून येत नव्हतीच. नोंदवहीत ती आहे, कायमची आहे आणि आम्ही फाडली आहे, हे कोणी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नाही. साहेबांनी न वाचता सही केली. इतक्या वर्षांत मी पुष्कळ विचार केला आहे, की त्या दारात एखाद्या वकिलाची किंवा जमीनदाराची बायको बसली असती तर मी काय लिहिलं असतं? खरं लिहिलं असतं. पुढे मागे बाहेर पडेल या भीतीने लिहिलं असतं. या बाईची मला भीती नव्हती. तिच्या मागे कोणी नव्हतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

माझ्या एका ओळीने काम केलं. विरुद्ध बाजूने ती वाचून दाखवली: पाहा, सरकारच म्हणतंय, असा कागदच नाही. वस्ती बेकायदा ठरली. उन्हाळ्यात पोलीस नेऊन घरं उठवली. मी तिथे नव्हतो. त्या भागातला एक शिपाई आमच्याकडे होता, त्याने चहा पिता पिता सांगितलं. टिनं काढली, भिंती पाडल्या, विहिरीवर काटे टाकले. कोणी मारामारी केली का, असं एकाने विचारलं. तो म्हणाला, "नाही. बाया उभ्या होत्या नुसत्या."

बहिणीचं लग्न झालं. दुसरीचंही झालं. चाचा गेले, त्यांच्या मातीला मी गेलो, पण शेवटची काही वर्षं त्यांच्या ओट्यावर गेलो नव्हतो. मी चाचांच्या खुर्चीवर बसू लागलो. आणि रोज एक-दोन बस्ते उतरवून, दोऱ्या सोडून पाहू लागलो. नवीन पोरांना ते माझं खूळ वाटायचं.

पाच-सहा वर्षं गेली. साठचं दशक अर्धं उलटलं होतं. एका सकाळी ती बाई माझ्या टेबलासमोर उभी राहिली, बरोबर तिची मुलगी. मी लगेच ओळखलं. खूप वाळली होती. अकोल्यातच राहत होते, रेल्वे लायनीकडे, झोपडं घालून. ती जिनिंगमध्ये कामाला जायची. मुलगी मॅट्रिक झाली होती.

"तुमी लय शोधलं आमच्यासाठी," ती मला म्हणाली आणि मुलीकडे वळली. "हेच ते सायेब. शिडीवर चढून चढून पाह्यला यायनं." मग मला म्हणाली, "कारकुनाच्या जागा निंगाल्या म्हनते. हिचा फारम भरून द्या. आमच्यातलं एखादं मानूस आत पाह्यजे, सायेब. कागद सांभाळाले."

मी फॉर्म घेतला. मुलीचं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, ते हयात नव्हते. घरी आणखी कोण, असं विचारलं तेव्हा बाई म्हणाली, "सासू होती. गेली. त्याच उन्हाळ्यात. उघड्यावर." जन्मतारीख लिहिली. पुढचा रकाना कायमच्या पत्त्याचा होता.

"ते काय लिवाचं?" बाई म्हणाली. ती हसून बोलली, थट्टेने.

मी पेन खाली ठेवलं. आणि सांगून टाकलं. जसं झालं तसं, चाचांनी लिहायला सांगितलं होतं तसं. नऊ पानं, एकतीस पानं, चार फूट, माझी सही, दोन मसुदे. मी फार वेळ बोललो नाही. सगळं मिळून चार-पाच मिनिटांचं होतं.

बाईला सगळं कळलं. तिने एवढंच विचारलं, "मी दारात बसली होती, तवाच ठाऊक होतं तुमाले?"

"हो."

"शिडीवर चढले, तवा?"

"हो."

ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं असंही मी म्हणणार नाही, कारण ते मला बरं वाटावं म्हणून झालं असतं. तिने माझ्या हाताखालचा फॉर्म ओढून घेतला, क्षणभर पाहिला आणि परत टेबलावर ठेवला. "नवा द्या," मुलगी म्हणाली. "माझा मी भरतो."

मी कोरा फॉर्म दिला. दोघी व्हरांड्यात गेल्या. बाई भिंतीला टेकून उभी राहिली आणि मुलगी पायरीवर बसून लिहू लागली. मी उठून तिकडे गेलो नाही.

फॉर्म पलीकडच्या खिडकीवर जमा करायचे होते. तासाभराने त्या खिडकीवरचा कारकून फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. चांगला मुलगा होता, त्याच तालुक्यातला.

"हे पाहा ना," तो म्हणाला. "कायमच्या पत्त्यात हिनं आमच्या बाजूच्या गावची वस्ती लिहिली. तिथं त काहीच नाही. नुसतं रान हाय. परत करू का?"

"नको," मी म्हणालो. "तिथे वस्ती होती."

"होती कशी? बेकायदा होती ते. असा कागदच नाही म्हणून आपल्याच कचेरीनं लिहून दिलं होतं ना?"

"मी लिहून दिलं होतं," मी म्हणालो.

त्याने फॉर्म पुन्हा एकदा पाहिला. मग तो खिडकीवर गेला आणि त्याने तो फॉर्म जमा करून घेतला.